दुखण्याची आणेवारी

शांताबाई गेल्याचं सांगायला सदाशिवराव, म्हणजे त्यांचे यजमान, स्वतः आले होते. दुपारचा तीनचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. कचेरीच्या खिडकीतून मला ते फाटकाशी सायकल लावताना दिसले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की रजा वाढवून मागायला आलेत. शांताबाई सहा आठवडे रजेवर होत्या. पोटाचं दुखणं आहे, एवढंच अर्जात लिहिलं होतं. आणखी रजा द्यायला माझ्याकडं दुसरी नर्स नव्हती, त्यामुळं सदाशिवराव पायऱ्या चढेपर्यंत मी नकाराची वाक्यं जुळवत बसलो होतो. ते आत आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ''परवा सकाळी गेली, परबभाऊ,'' म्हणाले. ''परवाच सगळं झालं. कुणाला निरोप धाडायचं सुचलंच नाही...'' माझ्या तोंडात जुळवलेली ती वाक्यं तशीच राहिली. या गोष्टीला आता दीड महिना झाला. पण ती वाक्यं अजून गिळली गेलेली नाहीत, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी स्वभावानंच संशयी माणूस. मूळचा देवगडकडचा. बासष्ट साली पिंपरीला आलो आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलो. स्टोअरमध्ये बसणाऱ्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात : कार्डावर किती लिहिलंय आणि फळीवर किती आहे. दोन्हींत फरक निघाला की मधे कुणीतरी चोर आहे. पाच वर्षं हेच केलं आणि ते अंगात मुरलं. आमच्या कारखान्याचे एक भागीदार एका संस्थेचे अध्यक्ष होते. चिंचवडच्या पुढं, चिखलीच्या रस्त्याला एका जुन्या गोदामात ही संस्था निराधार म्हाताऱ्यांना सांभाळायची. तिथं व्यवस्थापक हवा होता. ''हिशेबाला पक्का आणि कुणावर विश्वास न ठेवणारा माणूस पाहिजे,'' असं अध्यक्षसाहेब म्हणाले आणि सदुसष्ट साली मी तिथं आलो.

पत्र्याचं छप्पर, बत्तीस खाटा, मधे एक भिंत. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. निम्मीअधिक माणसं आसपासच्याच गावांतली. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, घरची माणसं पांगली, आणि शेवटी एकटं उरलेलं माणूस कुणीतरी आमच्या फाटकाशी आणून सोडायचं. बाकीचे, पोराच्या मागं लांबून आलेले आणि पोराच्या खोलीत न मावलेले. संस्थेचे नियम छापील होते आणि त्यातला सातवा नियम असा, की ज्याचं दुखणं हाताबाहेर गेलंय अशा माणसाला इथं ठेवायचं नाही. पुण्याला इस्पितळात पाठवायचं. तो नियम मला त्या वेळी अगदी रास्त वाटायचा. मी पहिल्या वर्षात तिघांना पाठवलं. तिघांपैकी कुणी परत आलं नाही. दुखणीच तशी होती, असं मी म्हणायचो.

शांता गायकवाड नर्स म्हणून आली ती अडुसष्टच्या उन्हाळ्यात. तेव्हा तिचं वय असेल पंचवीस-सव्वीस. वडील आणि नवरा दोघंही पिंपरीला कारखान्यात. पहिल्याच दिवशी बायकांच्या बाजूला सगुणाबाईनं तिला हटकलं. सगुणाबाई महाळुंग्याची. उभी हयात चाकणच्या बाजारात कांदा निवडण्यात गेलेली, जिभेला धार, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ''तू कुठली गं? कुणाची?'' तिनं विचारलं. शांता म्हणाली, ''आम्ही बौद्ध. गोळी उशाशी ठेवते. घ्यायची का नाही ते तुम्ही बघा.'' सगुणाबाईनं गोळी घेतली, पण तिनं पुढं केलेलं पाणी घेतलं नाही. कोरडी गोळी चावून गिळली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी गोळी कडू लागल्याचं निमित्त करून म्हणाली, ''दे त्यो तांब्या इकडं.'' शांतानं तांब्या दिला.

शांताच्या आधी दुखण्याची चौकशी म्हणजे आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर खाटेखाटेवरून जाताना ''काय, बरं ना?'' म्हणायचे आणि खाटेवरचा माणूस ''बरं हाय'' म्हणायचा, एवढीच. शांताचा या 'बरं हाय'वर काडीचा विश्वास नव्हता. ती रोज विचारायची, फार दुखतं की थोडं? सगळे म्हणायचे, थोडं. शेवटी सगुणाबाईच वैतागली. ''थोडं म्हंजी किती, ते कसं कळायचं तुला? तलाठी पिकाची आणेवारी लावतो, तशी लाव की! सोळा आण्यातलं किती आणं दुखतंय, आसं इचार.'' चलनातले आणे जाऊन दहाएक वर्षं झाली होती, पण शेतातले आणे गेले नव्हते. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, आणि सहा आण्यांच्या खाली उतरलं की सारा माफ, हे तिथल्या अडाण्यातल्या अडाणी म्हाताऱ्याला ठाऊक होतं. शांतानं दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून एक कोरं रजिस्टर मागून घेतलं.

त्यात तिनं प्रत्येक नावापुढं दोन रकाने आखले. उजव्या रकान्यात ती आधी स्वतःचा अंदाज लिहायची. तोही खाटेशी न बोलता, लांबून बघून : जेवताना हात मधेच थांबतो का, कूस बदलताना श्वास धरला जातो का, चादर मुठीत धरलीय का. मग जाऊन विचारायची आणि तो माणूस सांगेल तो आकडा डाव्या रकान्यात. मी विचारलं, आधी स्वतःचा कशाला? तर म्हणाली, ''आधी विचारलं की त्यांचं उत्तर माझ्या डोळ्यांत जातं, मग मला दिसायचं बंद होतं.'' दोन आकड्यांत फरक पडला, की त्या खाटेशी ती जाऊन बसायची. आमच्याकडं एक रिटायर झालेले मास्तर होते. फळं वाटायला कुणी आलं की त्यांचं कण्हणं फाटकापर्यंत ऐकू यायचं आणि आकडा कायम सोळा. शांता लिहायची तीन. पण तरीही अर्धा अर्धा तास त्यांच्याशी बसायची. मी म्हटलं, नाटकं आहेत सगळी. तर म्हणाली, ''कंबर तीनच दुखते. बाकीचं काय दुखतंय ते लिहायला रकाना नाही, म्हणून कमरेवर घालतात.''

मला ते रजिस्टर पहिल्यापासून खटकत होतं. एकाच गोष्टीचे दोन आकडे, आणि दोन्ही निराळे! स्टोअरमध्ये अशा माणसाला मी गेटबाहेर काढला असता. त्यातून साध्या गोळ्यांबरोबर तिला जोरकस गोळ्याही लागायला लागल्या. त्या डॉक्टरांच्या सहीनं यायच्या, मोजून यायच्या आणि कपाटात राहायच्या. महिनाअखेर मी ताळा घेतला तर निम्म्या गोळ्या एकट्या धोंडिबाच्या नावावर खर्ची पडलेल्या. धोंडिबा चिखलीकडचा शेतकरी, सत्तरीचा. मणक्याचं दुखणं, उठता येत नव्हतं. स्वभावानं घुमा. रजिस्टरमध्ये त्याचा स्वतःचा आकडा रोज दोन. शांताचा आकडा रोज चौदा. दोन आणे दुखणाऱ्याला चौदा लिहायचं आणि त्याच्या नावावर गोळ्या उचलायच्या... माझ्या हिशेबानं यात समजायला काही उरलंच नव्हतं.

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिच्या जागी दुसऱ्या आडनावाची नर्स असती तरी मला संशय आला असता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आला असता हे खरं. पण इतक्या लवकर आला असता का, आणि पुढं मी जे केलं ते केलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे.

मी वॉचमनला सांगून संध्याकाळी फाटकाशी तिची पिशवी उघडायला लावली. जेवणाचा रिकामा डबा, एक नॅपकिन, लेकीसाठी घेतलेली रंगीत खडूंची पेटी. वॉचमनलाच लाज वाटली, तो खाली बघायला लागला. पिशवीतलं सामान शांतानं एकेक करून परत भरलं, आणि कचेरीच्या खिडकीकडं एकदा बघितलं. मी तिथं पडद्याआड उभा होतो. काही सापडलं नाही, तर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं उलटंच. मला वाटलं, फार हुशार दिसते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर काखेत मारून धोंडिबाच्या खाटेशी गेलो.

''काय धोंडिबा, किती दुखतंय?''

''न्हाई दुखत, सायेब. काय बी न्हाई.''

''सिस्टर गोळ्या देतात ना दोन वेळा?''

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग रजिस्टरकडं बघितलं. ''कसल्या गोळ्या? मला न्हाई ठावं.''

झालं. माझ्या दृष्टीनं चोरी सिद्ध झाली. त्याच दिवशी मी अध्यक्षसाहेबांना पत्र लिहिलं, रजिस्टरमध्ये खोटे आकडे लिहून औषधं उचलली जात आहेत, आपण समक्ष येऊन खात्री करावी. कपाटाची किल्ली शांताकडून काढून घेतली आणि जोरकस गोळ्या बंद केल्या. ती रडेल, भांडेल, डॉक्टरांकडं जाईल असं वाटलं होतं. डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी होते, ते तिलाही माहीत होतं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ''परबसाहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण धोंडिबांवर पण ठेवू नका. तुम्ही स्वतः त्यांच्या खाटेजवळ बसा. काही विचारू नका. नुसते बसा.''

''किती वेळ?''

''आकडा कळेपर्यंत.''

मी बसलो ते तिचं ऐकून नव्हे. अध्यक्षसाहेबांसमोर पुरावा पक्का असावा म्हणून. पहिल्या दुपारी काहीच दिसलं नाही. धोंडिबा पत्र्याकडं बघत पडलेला, मी स्टुलावर. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पार्वती आया चादर बदलायला आली. एका बाजूनं पार्वती, दुसऱ्या बाजूनं शांता, दोघींनी त्याला कुशीवर वळवलं. तो ओरडला नाही. कण्हलाही नाही. पण त्याचे ओठ हलायला लागले. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. मी वाकून ऐकलं. ''आंब्याचं... हिरीवालं... खडकाळी... लिंबाचं... वढ्याकडचं...'' पुन्हा पहिल्यापासून, ''आंब्याचं... हिरीवालं...'' चादर ओढून होईपर्यंत हे चालू होतं. त्याला परत पाठीवर निजवलं तेव्हा कपाळावरचा घाम उशीवर ओघळत होता आणि खालचा ओठ दातांनी फुटला होता. शांतानं ओल्या फडक्यानं तो टिपला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी विचारलं, ''काय म्हणत होता तो?''

''वावरांची नावं,'' ती म्हणाली. ''पाच होती. गेली ती सगळी. गोळ्या होत्या तेव्हा दुसऱ्या नावापर्यंत जायचे आणि थांबायचे. आज किती वेळा म्हणाले, मोजलंत का?''

मी मोजलं नव्हतं. आयुष्यभर मोजत आलेला माणूस मी, त्या दिवशी मोजायचं विसरलो. कपाट उघडलं, गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं लगेच नेऊन दिली. अर्ध्यापाऊण तासानं मी परत त्याच्याशी जाऊन बसलो. खरं तर मला एकच गोष्ट विचारायची होती.

''धोंडिबा, गोळ्या मिळत होत्या ना तुम्हाला?''

''व्हय.''

''मग नाही का म्हणालात? त्या बाईवर चोरीचा आळ आला.''

त्यानं माझ्या मांडीकडं बघितलं. मग म्हणाला, ''ती वही ठिवा तिकडं.'' रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. मी उठून ते व्हरांड्यातल्या खिडकीत ठेवून आलो. तेव्हा कुठं त्याचा आवाज मोकळा झाला. ''वहीवाला आला की काय तरी जातंय बगा. पयल्यांदा आलं त्ये साखळी घिऊन आलं. किती एकर, किती गुंठं, समदं इचारलं. मी खरं सांगितलं. खरं सांगितलं तेवढं समदं गेलं. हितं आमच्या कोंडाजीनं तुमास्नी खरं सांगितलं, लई दुखतंय म्हून. दुसऱ्या दिशी त्याला गाडीत घातला. कुटं हाय कोंडाजी?''

कोंडाजीला मीच पाठवला होता. सातव्या नियमानं.

''शिस्टर चौदा लिवती, मला ठावं हाय,'' धोंडिबा म्हणाला. ''तिला म्या लई येळा सांगितलं, नगं लिवू. ती म्हनती, लिवलं न्हाई तर गोळी मिळायची न्हाई. आता तुमी सांगा, मी काय करू? खरं सांगितलं तर खाट जाती, खोटं सांगितलं तर गोळी जाती.''

त्या संध्याकाळी पत्र परत मागवायचं मी मनात आणलं, पण ते पोचलं होतं. पाचव्या दिवशी अध्यक्षसाहेब मोटारीतून आले. माणूस वाईट नव्हता. संस्थेला पदरचं खूप घातलं होतं त्यांनी. पण कामगारांकडून कायम फसवलो जातो अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि म्हणूनच तर मी त्यांना आवडत होतो. त्यांनी रजिस्टर उघडून दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि थेट धोंडिबाच्या खाटेशी गेले. मागं मी, माझ्यामागं शांता. भिंतीपलीकडच्या बायकांचं बोलणंसुद्धा थांबलं होतं.

''काय बाबा, किती दुखतंय?''

''न्हाई दुखत, सायेब.''

ते माझ्याकडं वळले. ''परब, हा म्हणतो दुखत नाही. बाई म्हणते चौदा आणे. चौदा खरं असेल तर हा हाताबाहेरचा, उद्याच्या उद्या पुण्याला हलवा. आणि खोटं असेल तर बाईंना आजच घरी पाठवा. खरं काय ते तुम्ही सांगा. तुमचंच पत्र आहे.''

धोंडिबा पत्र्याकडं बघत होता. त्याचे ओठ हलत होते... कुणी वळवलं नव्हतं, तरी हलत होते. शांता माझ्याकडं बघत नव्हती. तिला माझ्याकडून काहीच अपेक्षा नव्हती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. मी दोन म्हटलं असतं तर तिची नोकरी गेली असती आणि म्हाताऱ्याच्या गोळ्या. चौदा म्हटलं असतं तर म्हातारा गेला असता.

''चौदा खरं आहे, साहेब,'' मी म्हणालो. ''माझं पत्र चुकीचं होतं. आणि त्यांना हलवायचं नाही.''

''नियम?''

''नियमात हाताबाहेर गेलेलं दुखणं म्हटलंय. गोळ्या दिल्या की ते सहावर येतं. मी स्वतः बसून बघितलंय. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझी. लिहून देतो.''

अध्यक्षसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी संशय दिसला. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली, आणि जाता जाता म्हणाले, ''तुम्हालाही यांनी गुंडाळलं म्हणायचं.'' धोंडिबा त्यानंतर वर्षभर जगला आणि आपल्याच खाटेवर गेला. सातवा नियम कागदावरून कधीच निघाला नाही. आम्ही तो पाळायचं सोडलं, इतकंच.

मी शांताची माफी मागितली नाही. मागायला हवी होती. त्या दिवशी संध्याकाळी निघताना तिनं आपली पिशवी आणून माझ्या टेबलावर ठेवली, तोंड उघडून. मी फाइलमध्ये डोकं घातलं. थोडा वेळ थांबून तिनं पिशवी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. एक दिवस मी म्हटलं, ''सिस्टर, पुरे आता.'' ती म्हणाली, ''बघून घ्या, साहेब. तुमची झोप जायला नको.'' वर्षभर रोज संध्याकाळी ती उघडी पिशवी माझ्या टेबलावर यायची आणि रोज मी मान खाली घालायचो. मग धोंडिबा गेला त्या दिवशी, त्याचं सगळं आवरून झाल्यावर, ती पिशवी खांद्याला लावून दारातूनच म्हणाली, ''येते, परबभाऊ.'' 'साहेब'चा 'भाऊ' झाला तो त्या दिवशी. टेबलावर पिशवी पुन्हा आली नाही.

त्यानंतर तिनं रजिस्टरची एक रीत बदलली. लिहिलेला आकडा ती त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. बहुतेक अडाणी, वहीत काय चाललंय ते कळत नाही म्हणून भितात, असं तिचं म्हणणं. मग व्हायला लागली भांडणं! सगुणाबाईला तिनं नऊ लिहिले की ती खवळायची, ''नऊ? डोळं फुटलं का तुझं? गुडघं तुजं न्हाईत म्हून नऊ व्हय?'' आणि ज्या दिवशी बारा लिहिले त्या दिवशी तितकीच खवळायची, ''बारा कशापायी? मी काय मराया टेकली का काय!'' शांता हसायची आणि मधला आकडा ठरायचा. मीही हळूहळू उजव्या रकान्यात अंदाज लिहायला शिकलो. ती माझा आकडा बघायची आणि म्हणायची, ''दोननं चुकलात. तुम्ही तोंडाकडं बघता, परबभाऊ. तोंड शिकलेलं असतं.'' बारा वर्षं असं चाललं. मी संशयी होतो तो संशयीच राहिलो, फक्त आता माझा संशय 'बरं आहे' म्हणणाऱ्यावर जायला लागला. एकाच माणसावर जायचा थांबला होता, ती म्हणजे शांताबाई.

आणि तिथंच मी चुकलो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचं लुगडं अंगावर ढिलं दिसायला लागलं होतं. रजेवर जायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, ''काय हो शांताबाई, किती आणे?'' त्या घरी निघता निघता थांबल्या होत्या, एक हात माझ्या टेबलावर. हसल्या. ''तुम्ही लावा की. इतकी वर्षं शिकताय.'' मी त्यांच्याकडं नीट बघितलं. ताठ उभ्या होत्या. चेहरा नेहमीचा. मी म्हणालो, ''चार.''

''बरोबर,'' त्या म्हणाल्या. ''पास झालात.'' आणि बस गाठायला गेल्या. ती शेवटची भेट.

सदाशिवरावांनी त्या दुपारी उभ्या उभ्या सांगितलं, की दिवाळीपासून त्या आडव्या निजत नव्हत्या. भिंतीला टेकून, पोटाशी लोड घेऊन बसायच्या. टेबलावरचा तो हात मला तेव्हाही दिसला होता. बारा वर्षांत त्या कधी टेबलाला टेकल्या नव्हत्या. दिसला होता, पण मी मोजला नाही. त्या खोटं बोलल्या, की मला नापास करणं त्यांच्या जिवावर आलं, हे मला कळत नाही. आणि तिसरीही एक शक्यता आहे. घरी बसवतील, जागा जाईल, अशी भीती त्यांनाही वाटली असेल. माझ्या हातात वही होतीच ना... सदाशिवरावांना बघून मी नकाराची वाक्यं जुळवत होतो, हे लक्षात घेतलं तर त्यांची भीती खोटी होती असं मला म्हणता येत नाही.

आता नवी नर्स आली आहे. पोरगी चांगली आहे. पहिल्या आठवड्यात तिनं मला रजिस्टर आणून दाखवलं : डाव्या रकान्यात सगळ्यांचे एक, दोन, शून्य. ''इथं कुणालाच काही दुखत नाही, साहेब,'' म्हणाली. दुपारी रजिस्टर घेऊन स्वतः पुरुषांच्या बाजूला गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर महिन्याभरापूर्वी आलेले विठ्ठलराव आहेत, बीडकडचे. मुलगा भोसरीला कामाला, खोली बदलली ती यांना न सांगता. त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसलो. विचारलं काहीच नाही. ते म्हणाले, ''बरं हाय की साहेब, काही नाही.'' मी मान हलवली आणि बसून राहिलो. चहा आला, त्यांनी कप धरला आणि न पिता तसाच धरून ठेवला. पार्वतीनं उशी सरकवली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बऱ्याच वेळानं उघडले. मी रजिस्टर उघडून उजव्या रकान्यात लिहिलं.

''काय लिव्हलं?'' त्यांनी विचारलं.

''नऊ.''

विठ्ठलराव रजिस्टरकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. नवी नर्स दारात येऊन उभी होती, तिच्याकडंही एकदा बघितलं. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

''अकरा करा,'' म्हणाले.